प्रार्थनेतली गाळलेली ओळ

लग्नाला पाऊण तास उरला होता आणि नवरीच्या झग्याचा घेर खालून उसवला! मी शिंपीण, झगा माझ्या हातचा, नवरी माझ्या पोटची. आणि करवलीने नेमका त्यावरच पाय द्यावा? चर्चमागच्या छोट्या खोलीत लेकीला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि मी खाली बसले. घाईत सुईत दोरा काही जाईना.

"आई, चिडू नकोस हं," लेक वरून म्हणाली. "मी मामाला बोलावलंय."

तोंडात सहा टाचण्या. बोलणार काय, कपाळ?

अकरा वर्षांपूर्वी आमची आई दवाखान्यात होती. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला होता, "बरं आहे तिला. उद्या आलीस तरी चालेल." मी दुसऱ्या दिवशी पोचले, तर आई गेलेली. तेव्हापासून त्याच्याशी अबोला. तेव्हापासूनच कुठेही फोन वाजला की माझ्या छातीत कळ येते. दोन डॉक्टर झाले, कुणाला काही सापडलं नाही. आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना, आम्हीही इतरांना क्षमा करतो, ही ओळ आली की मी ओठ मिटून घेते. तापट आहे मी, पण देवाशी खोटं बोलणार नाही.

दार वाजलं. धाकटा आत आला. केस पार पांढरे, अंगात मीच शिवलेला जुना कोट, खांद्यात ढगळ झालेला.

"ताई, तू बोलायच्या आत मीच बोलतो," तो एका दमात म्हणाला. "मी चुकलो. आई बरी होईल असं मला खरंच वाटलं. पण शेवटी ती तुलाच हाका मारत होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली."

एक टाचणी ओठात रुतली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. मी घेर शिवला. टाके वाकडे पडले.

मग काय, घंटा वाजली, माणसं उभी राहिली, लेक चालू लागली. काय दिसत होती! जावई तर श्वास घ्यायचाच विसरला. वचनं झाली, अंगठ्या झाल्या, आणि फादरांनी माईक माझ्या हातात दिला. नवरीच्या आईने प्रार्थनेची एकेक ओळ सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, असं लेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं. पोरगी माझ्यापेक्षा वस्ताद!

पहिल्या ओळी खणखणीत झाल्या. मग ती ओळ आली, आणि सवयीने माझे ओठ मिटले.

अख्खं चर्च थांबलं. कुणी खोकलं. माझ्या नवऱ्याने घाम पुसला. धाकटा शेवटच्या बाकापाशी मान खाली घालून उभा होता. आईने मला हाका मारल्या, तेव्हा तिच्याजवळ हाच एकटा होता. त्या हाका ह्याने अकरा वर्षं एकट्याने ऐकल्या. देवा, मला जमत नाही, तूच म्हणवून घे, असं मनात म्हटलं आणि तोंड उघडलं.

ओळ निघाली. फाटक्या आवाजात, पण पुरी. मागून सगळ्या चर्चने ती इतक्या जोरात म्हटली की मला हसू फुटलं आणि रडूही. माईक चालूच होता.

प्रार्थना संपली तशी मी माईकवरच ओरडले, "धाकट्या, मागे काय उभा आहेस? मामाची जागा पहिल्या बाकावर असते!"

तो धावतच आला आणि लहानपणीसारखा माझ्या पदराला धरून बसला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन ठणाणा वाजू लागला. फादरांनी डोळे वटारले. धाकटा गडबडून खिसे चाचपू लागला.

मी छातीवर हात ठेवला. कळ आली नाही.

"वाजू दे रे," मी म्हटलं.