तांबड्या पेन्सिलीने गाळलेली ओळ

नगरपरिषदेच्या कचेरीत त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे सारांशराव. पाठीमागचं नाव त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

काम तसंच होतं. शहरातल्या कोणालाही महिन्याच्या सभेत प्रश्न विचारता येई. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा, छापून कचेरीच्या पेटीत टाकायचा. सभेची पहिली पंधरा मिनिटं त्यासाठी राखलेली. पण माणसं प्रश्न विचारायला बसली की सरळ प्रश्न विचारतील तर शपथ! आधी सासूचं दुखणं, मग शेजाऱ्याची आडवी लावलेली मोटार, मग आपण आजवर किती सोसलं ते, आणि शेवटी कुठेतरी तुंबलेलं गटार. सारांशराव तांबडी पेन्सिल घेऊन या सगळ्या पाल्हाळातून गटार तेवढं बाहेर काढायचा. फॉर्मखालची नावाची पट्टी न वाचताच, दोन्हीवर एकच क्रमांक घालून, फाडायचा आणि वेगळ्या खोक्यात टाकायचा, म्हणजे कोणाची ओळख नको नि वशिला नको. आणि एकाच विषयावर दहा जणांनी विचारलं असेल, तर दहांची मिळून एक ओळ करायचा. सभेत तीच ओळ वाचायची. बावीस वर्षं हे चाललं होतं. सभा वेळेवर सुटते ती यांच्यामुळे, असं आजवरच्या प्रत्येक अध्यक्षाने म्हटलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. नीटनेटका होता, एवढंच.

त्या रविवारी तो दोन बस बदलून अक्काकडे गेला. अक्का त्याची थोरली बहीण, कालव्यापलीकडे राहायची, घरीच शिवणकाम करायची. कालव्यावरच्या लोखंडी पुलाने चालत दहा मिनिटांची वाट. पण पुलाच्या फळ्या कुजल्या म्हणून आठ महिन्यांपूर्वी दोन्ही टोकांना पत्रे ठोकले, आणि दहा मिनिटांचा तास झाला. तेव्हापासून त्याचं येणं तिसऱ्यांदा होत होतं.

दाजी आतल्या खोलीत झोपले होते. आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस, आणि दवाखाना कालव्याच्या अलीकडे, म्हणजे याच्या बाजूला. अक्का मशीनवर बसून कोणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होती.

"या महिन्यात पूल पाडायचं ठरणार म्हणे," ती मान वर न करता म्हणाली.

"तसा विषय आहे सभेपुढे."

"मी तीनदा प्रश्न टाकला."

तो चमकला. "तू? मला कधी बोलली नाहीस."

"तुला कशाला अडचणीत आणू? बहिणीचं काम केलं म्हणतील. आणि नावाची पट्टी तर तूच फाडतोस. कळणार कसं तुला?" तिने मशीनच्या खणातून एक कागद काढला. "हे बघ, उत्तरसुद्धा आलं."

उत्तर इंजिनिअरसाहेबांच्या सहीचं होतं. 'पादचारी पुलाबाबत दरमहा केवळ एक विचारणा येते. सबब वापर अत्यल्प असल्याचे दिसते.'

त्याने ते दोनदा वाचलं. दरमहा एक विचारणा. ती एक ओळ कोण करत होतं?

"आमच्या गल्लीतूनच पंधरा-वीस जणांनी लिहिलं होतं रे," अक्का म्हणाली. आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो नव्हता. "सगळ्यांना हेच उत्तर. मी म्हटलं, कामाच्या रगाड्यात होतं असं."

"तू काय लिहिलं होतंस, अक्का?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "वाचलंस की तू. तिन्ही वेळा."

परतीच्या बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो आठवत होता, आणि काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच तो कपाटापुढे उकिडवा बसला होता. आठ महिन्यांचे फॉर्म काढले. पुलाचे वेगळे केले. एकसष्ट भरले. एकसष्ट प्रश्नांच्या त्याने आठ ओळी केल्या होत्या! मग त्याने सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. एकत्र करा, आटोपशीर करा, असं कुठे लिहिलंय ते शोधलं. कुठेच नव्हतं. पंधरा मिनिटं तेवढी होती. बाकी सगळी त्याची स्वतःची हुशारी.

मग पट्ट्यांचं खोकं उघडून क्रमांक जुळवत तो अक्काच्या फॉर्मपर्यंत आला. तिचा पहिलाच फॉर्म. निम्म्या मजकुरावर तांबडी रेघ, आणि कडेला त्याच्याच अक्षरात, 'वैयक्तिक. गाळावे.' रेघेखालचं वाचून त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ तो नुसताच पुसत बसला.

दुपारी तो अध्यक्षबाईंच्या खोलीत गेला. "मॅडम, यावेळी प्रश्न जसेच्या तसे वाचतो. कोणी विचारलं ते सांगून."

"अहो साहेब, तुम्ही हे म्हणताय?" बाईंना हसूच आलं. मग त्याचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "पंधरा मिनिटं आहेत. त्यात बसवा."

सभेच्या दिवशी नागरिकांच्या बाकांवर अक्का होती. दोन बस बदलून आली होती. त्याने गठ्ठा समोर ठेवला. आधी आकडा सांगितला, पुलाबाबत आठ महिन्यांत एकसष्ट प्रश्न. इंजिनिअरसाहेबांनी मान वर केली. मग तो वाचत सुटला. शाळेतली शिपाईण. रात्रपाळीचा पहारेकरी. कुबड्या घेऊन चालणारा घड्याळजी. एक सभासद मध्येच म्हणाले, "अहो, याचा सारांश सांगा ना!" अध्यक्षबाईंनी हात वर केला. "वाचू द्या त्यांना."

सगळे एकसष्ट पंधरा मिनिटांत होणार नव्हतेच. दोन मिनिटं उरली तेव्हा त्याने मधले बाजूला सारले आणि खालचा फॉर्म घेतला.

"कपडे शिवणाऱ्या बाई, कालव्यापलीकडच्या. लिहितात, 'दवाखान्यात जायला दहा मिनिटं लागत, आता तास लागतो. डायलिसिसनंतर माझ्या मिस्टरांना बसमध्ये उभं राहवत नाही. मी त्यांना धरते आणि दुसऱ्या हाताने दांडा धरते. पूल कधी दुरुस्त होणार?'"

इथे तांबडी रेघ सुरू होत होती. तो थांबला.

"पुढचं मी गाळलं होतं. ते वाचतो. 'माझा भाऊ पलीकडे राहतो. दर रविवारी यायचा. आता येत नाही. त्याला कामं असतात, मी त्याला काही म्हणत नाही. पण मिस्टर अजून दर रविवारी खिडकीपाशी जाऊन बसतात. तो कधी यायचा?'"

त्याने फॉर्म गठ्ठ्यावर पालथा ठेवला. बाकावर अक्का पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

पूल पाडायचा विषय त्या दिवशी मतास गेलाच नाही. दुरुस्तीचा आराखडा पुढच्या सभेत आणा, असं बाईंनी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. आणि यापुढे प्रश्न कापायचे नाहीत, किती जणांनी विचारलं तेही वाचायचं, असं ठरलं. सभा तासभर उशिरा सुटली.

नियमाप्रमाणे प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर जावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो अक्काचा फॉर्म घेऊन बसला. पुलाच्या रकान्यात इंजिनिअरसाहेबांचं उत्तर आलं होतं, आराखडा महिन्याभरात. खालच्या प्रश्नापुढचा रकाना मोकळाच होता. तो कोणत्या खात्याचा, हे कोणालाच ठरवता येईना.

त्याने पेन उघडलं, 'येत्या रविवारी. बसने.' असं लिहिलं आणि खाली सही केली.