अत्तराचा खड्डा

शाळेच्या सभागृहात भूजल कार्यालयाचा अहवाल वाचून दाखवत होते आणि थोरली तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. गल्लीतल्या तिन्ही हातपंपांच्या पाण्यात एक द्रावक सापडलं होतं. कारखान्यात धातूच्या सुट्या भागांवरचं तेल काढायला वापरतात, तसलं. जेवढं चालेल म्हणतात त्याच्या चाळीस पट. वाचणाऱ्या साहेबांनी पान उलटलं, घसा खाकरला आणि शेवटची ओळ वाचली: प्रदूषणाचा स्रोत अज्ञात.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अज्ञात म्हणे.

पुढच्या रांगेतून कारखान्याचे व्यवस्थापक उठले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. आमच्याकडचं टाकाऊ द्रावक पहिल्या दिवसापासून बंद पिंपांतून बाहेर पाठवलं जातं, प्रत्येक पिंपाची नोंद आहे, कुणीही येऊन रजिस्टर पाहावं, असं ते म्हणाले. गल्लीच्या दुःखात आपण सहभागी आहोत, असंही म्हणाले. थोरलीनं मांडीवरच्या पिशवीचे बंद इतके घट्ट पिळले की एक तुटला.

कारण स्रोत तिला माहीत होता. तो कुठं आहे, किती खोल आहे, त्यात काय गेलं आणि कुणाच्या हातानं गेलं, सगळं.

ती आणि तिची धाकटी बहीण सख्ख्या जावाही होत्या. दोघींनी दोन भावांशी लग्न केलं, एका भिंतीला टेकलेल्या दोन घरांत संसार केले आणि आता दोघे भाऊ गेल्यावरही भिंतीच्या अल्याड-पल्याड राहत होत्या. अख्खी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखे. गल्लीच्या टोकाला कारखान्याची मागची भिंत. तिथं दाराच्या बिजागऱ्या बनत. थोरलीनं तिथं धुलाई खात्यात सतरा वर्षं काढली. तेलकट बिजागऱ्यांची जाळीची टोपली द्रावकाच्या हौदात बुडवायची, हलवायची, वर काढायची. बिजागरी चांदीसारखी लखलखीत निघायची. द्रावकाला गोडसर वास यायचा, म्हणून खात्यातल्या बायका त्याला अत्तर म्हणत. दुपारपर्यंत डोकं हलकं व्हायचं आणि उगीच हसू यायचं. एखादी जास्तच खिदळायला लागली की बाकीच्या म्हणायच्या, हिला आज दोन टोपल्या जास्त चढल्या.

घाण झालेलं अत्तर पिंपात जमा व्हायचं. दर शनिवारी थोरली आणि आणखी एकजण ते पिंप काठावर तिरपं करून, गरागरा फिरवत मागच्या अंगणात न्यायच्या. तिथं खडी भरलेला एक खड्डा होता. त्यात ओतायचं, पिंप उलटं ठेवायचं, घरी जायचं. पहिल्याच शनिवारी तिनं मुकादमाला विचारलं होतं की हे असं जमिनीत चालतं का. मुकादम म्हणाला होता, अहो बाई, हे वाऱ्यावर उडून जातं, ऊन लागलं की संपलं. खडीवरचं खरंच वाळायचं. खाली जाणारं कुणाला दिसतंय?

सभेत कुणीतरी विचारलं, की आम्ही तर पाणी उकळून पितो, मग आम्हाला काय भीती? उत्तर द्यायला भूजल कार्यालयातली तरुण बाई उठली. ती चार महिने गल्लीत भोकं पाडून मातीचे नमुने नेत होती, म्हणून लोकांनी तिचं नाव मातीवाली पाडलं होतं. नुसती नेते, आणत काहीच नाही, असं तिच्या मागं म्हणत. तिनं साहेबांकडं एकदा पाहिलं आणि सरळ सांगितलं. उकळल्यानं जंतू मरतात, हे द्रावक मरत नाही. ते पाण्यातून निघून खोलीच्या हवेत जातं. दारं-खिडक्या बंद असतील तर जे पोटात जाणार होतं ते छातीत जातं. आणि हे पाण्याहून जड असतं, ती पुढं म्हणाली, म्हणून जमिनीत मुरत मुरत खडकाच्या फटींत तळाला जाऊन बसतं. वरून पाणी वाहत राहतं आणि ते थोडंथोडं विरघळत राहतं. वर्षानुवर्षं.

थोरलीनं शेजारी बसलेल्या धाकटीकडं पाहिलं नाही. पाहवलं नाही. धाकटीचं एक मूत्रपिंड गेल्या वर्षी काढलं होतं, त्यात गाठ होती. डॉक्टरांनी तिला दोनदा विचारलं होतं की तुम्ही कधी कारखान्यात, रसायनांत काम केलंय का. ती म्हणाली होती, मी जन्मात कारखान्याची पायरी चढले नाही, ती आमची ताई. आणि आरोग्य केंद्रातून कुणी सांगून गेलं तेव्हापासून धाकटी पाणी उकळायची. रोज, सकाळ-संध्याकाळ, मोठं पातेलं भरून, विस्तव विझू नये म्हणून खिडकी लावून.

सभा संपली. थोरलीनं तोंडातून ब्र काढला नाही. त्या गोष्टीचा राग तिला पुढं सगळ्यात जास्त आला, कारखान्याच्याही आधी स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुकादमाकडं गेली. तो आता टेकाडावरच्या वस्तीत राहत होता. निवृत्त होऊन थकलेला, पण कुंड्यांना पाणी घालण्याइतका धडधाकट. तिनं त्याला सांगितलं की चला, आपण दोघं जाऊन खरं काय ते सांगू. रजिस्टर तुम्ही लिहीत होता, पिंप मी ओतत होते, दोघांचं मिळून पुरं होईल.

मुकादमानं आधी तिला बसवलं, पाणी दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. मग म्हणाला की जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय. रजिस्टरात जे आहे ते आहे. बाहेर जाणारी पिंपं रिकामी होती हे आता कोण सिद्ध करणार? बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं, की एका अभियंत्यानं तेव्हाच सांगितलं होतं, हे पाण्यात उतरेल म्हणून. त्यानंतर तर वरून हुकूम आला आणि एका दिवसात खड्डा बुजवून वर काँक्रीट घातलं. आता तिथं दुचाक्यांची शेड आहे.

थोरलीनं हिशोब जुळवला. खड्डा बुजला तेव्हा ती अजून कामावर होती. बायकांना सांगितलं होतं की आता पिंपं गाडीनं जाणार. आणि त्याच वर्षी मुकादमानं गल्लीतलं घर सोडलं होतं. इथं हवा बरी आहे, असं तेव्हा सगळ्यांना सांगत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत होतं म्हणून तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. आणि त्यानंतर पाच वर्षं रोज आमच्या पंपावरून चालत कामाला जात होता. बायका पाणी भरताना दिसत नव्हत्या का?"

"माझी नोकरी होती, बाई. आणि नीट आठवा, पिंप माझ्या हातात नव्हतं. उद्या तोंड उघडाल तर नाव तुमचंच येईल. तुमच्या हातांनी ओतलंय."

"माझ्याच हातांनी. म्हणून तर मला जागा माहितेय."

ती उठली. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. सतरा वर्षं त्या माणसाला तिनं वाकून नमस्कार केला होता.

घरी येऊन ती आधी धाकटीकडं गेली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगायला हवं होतं. धाकटी पलंगावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. थोरलीनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालता घालता सगळं सांगून टाकलं. शनिवार, पिंप, खडी, काँक्रीट. धाकटीचे हात थांबले.

"किती वर्षं?"

"खड्ड्यात चौदा."

"त्या चौदा वर्षांत तुझ्या घरचं पाणी कोण भरायचं, ताई? तू कामावर, म्हणून तुझे दोन हंडे मी भरायची. तुझी पोरं मी त्याच पाण्यानं न्हाऊ घातली."

थोरली म्हणाली की मला माहीत नव्हतं. धाकटी म्हणाली की विचारलं तर होतंस ना. मुकादमाला विचारलंस याचा अर्थ मनात आलं होतं. एकदा विचारलंस आणि त्यानं काहीतरी सांगितलं, ते तुला सोयीचं वाटलं.

थोरली चादरीचं टोक धरूनच पलंगाच्या कडेला बसली.

"ऊठ," धाकटी म्हणाली. "मला सांगून मोकळी होऊ नकोस. जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग. आणि या घरात येऊ नकोस."

थोरलीनं हातातलं चादरीचं टोक खाली ठेवलं आणि ती गेली. घरी न जाता तडक भूजल कार्यालयात गेली. मातीवाली जेवणाचा डबा उघडून बसली होती, तो तसाच राहिला. थोरली बोलत होती आणि ती लिहून घेत होती. मध्ये एकदाच तिनं पेन थांबवून विचारलं, की यात तुमचंही नाव येईल, चालेल ना? थोरली म्हणाली की पहिलं माझंच लिहा, म्हणजे बाकीची टाळता येणार नाहीत.

परवानगी मिळायला सहा आठवडे गेले. कारखान्यानं आधी कागद अडवले, मग फाटक अडवलं. शेवटी खोदायचं यंत्र आत आलं तेव्हा व्यवस्थापक शेडच्या दारात उभे राहून मातीवालीला सांगत होते की बाई वयस्कर आहेत, वीस वर्षांपूर्वीचं कुणाला नेमकं आठवतं? थोरली त्यांच्याशी बोललीच नाही. ती धुलाई खात्याच्या जुन्या दारापाशी गेली, पाठ दाराला लावली आणि दोन्ही हात पुढं धरून, समोर पिंप असल्यासारखी चालायला लागली. उताराला जिथं पिंप आपोआप पळायचं तिथं तिचे हात आपसूक मागं ओढले गेले. शेडमध्ये तिसऱ्या खांबाशी ती थांबली आणि म्हणाली, इथं.

काँक्रीट फुटलं. खडी लागली. अकरा फुटांवरून माती वर आली तेव्हा मातीवालीनं तिच्यावर हवेतली वाफ मोजायचं यंत्र धरलं आणि आकडा पार वरच्या टोकाला जाऊन अडकला. यंत्राची गरजच नव्हती. शेडभर गोडसर वास पसरला होता. कामगार नाक धरून मागं सरले. कुणीतरी विचारलं की हा वास कसला? थोरलीला वाटलं होतं की हा क्षण आला की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही; ती एवढंच म्हणाली, अत्तराचा.

कारखान्यानं आठ दिवसांत वर्तमानपत्रात खुलासा दिला. व्यवस्थापनाच्या सूचना डावलून धुलाई खात्यातल्या काही कामगारांनी परस्पर हा प्रकार केला, असं त्यात होतं. मुकादमाचं नाव नव्हतं, कारखान्याच्या साहेबांचं तर नव्हतंच. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी तो वाचून थोरलीशी बोलणं टाकलं. कोपऱ्यावरचा शिंपी तिचं झंपर शिवायला नको म्हणाला, त्याची बायको गेल्या वर्षी यकृताच्या दुखण्यानं गेली होती. थोरली त्याच्याशी भांडली नाही. तिनं खुलाशाचं कात्रण मात्र घडी करून पोलक्यात ठेवलं, राग शिळा होऊ नये म्हणून.

चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. कारखान्याच्या वकिलानं थोरलीला तासभर उलटसुलट विचारलं. खात्यातल्या इतर बायका का आल्या नाहीत? थोरलीनं सांगितलं, तिघी गेल्या, एकीला आता काही आठवत नाही. मग वकिलानं हुकमाचं पान टाकलं. या बाईंची सख्खी बहीण आजारी आहे, भरपाई मिळावी म्हणून दोघी बहिणींनी मिळून ही कहाणी रचली आहे, असं तो म्हणाला. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, संध्याकाळी बसून ठरवायला कितीसा वेळ लागतो?

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटी उभी होती. ती आली आहे हे थोरलीला माहीतच नव्हतं.

"साहेब, मी या बाईशी चार महिने बोललेले नाही," ती वकिलाला म्हणाली. "भिंतीपलीकडून हिनं हाक मारली तरी ओ देत नाही. सगळी गल्ली साक्षीला आहे. हिनं मला विष पाजलं, ते हिनं स्वतः येऊन मला सांगितलं. खोटं रचायचं असतं तर हिनं दुसऱ्या कुणाचा हात सांगितला असता ना? तुम्ही सांगता तसा."

वकील खाली बसला. अधिकारी बाईंनी धाकटीचं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितलं आणि रजिस्टरातल्या पिंपांचा ताळा वाहतूकदाराच्या वजनपावत्यांशी घालायचा हुकूम दिला. पंधरा दिवसांत ताळा झाला. चौदा वर्षं रजिस्टरात भरलेलं म्हणून बाहेर गेलेल्या प्रत्येक पिंपाचं वजन रिकाम्या पिंपाइतकं होतं.

निकाल लागला. हातपंपांचे दांडे काढून नेले, नळाचं पाणी आलं, कारखान्यानं जमिनीतलं पाणी उपसून साफ करायचं ठरलं. हे किती दिवस चालेल, असं थोरलीनं मातीवालीला विचारलं. मातीवालीनं खोटं सांगितलं नाही. म्हणाली, तीस वर्षं तरी. एकानं हुकूम दिला, एकानं रजिस्टर लिहिलं, एकीनं ओतलं आणि चौदा वर्षांत झालं ते तीस वर्षांत निघणार होतं. मुकादमावर आणि दोन जुन्या साहेबांवर खटला भरायचा की नाही, ते अजून वरच्या टेबलावर पडून होतं.

निकालाच्या दिवशी परतताना बसमध्ये धाकटी पुढच्या सीटवर बसली, थोरली मागं. निम्म्या वाटेवर धाकटी मान न वळवता बोलली.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"मुकादमाचं घर कुठंय?"

थोरलीनं सांगितलं, टेकाडावर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं.

"मला चढ चढवत नाही. हात धरायला लागेल तुला," धाकटी म्हणाली. "उद्या सकाळी."

सकाळी दोघी निघाल्या. दर वीस पावलांवर थांबावं लागत होतं. धाकटी थोरलीच्या हाताला सगळं वजन देऊन उभी राहायची, दम खायची आणि पुन्हा निघायची. मुकादमानं दार उघडलं. थोरलीला पाहून त्याचा चेहरा आक्रसला, तिच्याबरोबरच्या, दुखण्यानं वाळलेल्या बाईला त्यानं ओळखलं नाही.

"मी पंपावरची," धाकटी म्हणाली. "रोज तुम्हाला वाट द्यायला हंडा बाजूला घ्यायची, ती. आत येऊ द्या, मला बसून बोलायचंय. बराच वेळ लागेल."