लाडूवाला

"जिजी, उचलू नको तो फोन! नंबर वळखीना नही!" सुषमा बेण्याच्या ढिगापलीकडून ओरडली. पण मालतीबाईचं ते नेहमीचंच, कुणी नको म्हटलं की आधी ते करायचं. तिने कोयता मांडीखाली दाबला, चिखलाचा अंगठा लुगड्याला पुसला आणि हिरवं बटण दाबलं.

पौषातली थंडी. बारडोलीकडची ती काळी जमीन रात्रीच्या पाण्याने अशी लोण्यासारखी झालेली, की चप्पल घालून कुणी वावरात उतरलं तर चप्पल तिथेच राहायची. दोघी बांधावर पाचट अंथरून बसल्या होत्या आणि लागवडीसाठी उसाच्या कांड्या तोडत होत्या. कांडीचा डोळा दुखावता कामा नये, म्हणून हे बसून आणि जपून करायचं काम. दोन वर्षांपूर्वी मालतीबाईचा गुडघा गेला, तेव्हापासून शेठ तिला उभ्या तोडीत घेत नव्हता. असलं बसणीचं काम निघालं की बोलवायचा, आणि ते काही रोज निघत नाही.

फोनमधला माणूस हिंदीत बोलत होता आणि भलताच गोड. "मांजी, आपकी विधवा सहाय बंद होनेवाली है. मोबाइल में अभी एक नंबर आया होगा, वो पढ़के बताओ, चालू कर देता हूं."

मालतीबाईने एकवार सुषमाकडे बघितलं. दिवाळीच्या आधी अशाच एका गोड माणसाने सुषमाकडून नंबर वदवून घेतला होता आणि बँकेतलं तिचं सगळं धुऊन नेलं होतं. तेव्हा तिचा नवरा दत्तू आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

"नंबर पाहिजे?" मालतीबाई म्हणाली. "थांब हां भैया, चष्मा लेती हूं." मग तिने फोन तोंडाजवळ धरला आणि शिंदखेड्याकडच्या अस्सल अहिराणीत त्याच्या सात पिढ्यांची अशी काही विचारपूस केली, की पलीकडच्या सरीत खत टाकणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. फोन कधीच कट झाला होता, तरी बाई आणखी दोन मिनिटं बोलत होती.

"मन्ही हर्षदानी शिकाडेल शे माले," ती ऐटीत म्हणाली. हर्षदा तिची एकुलती एक लेक, सुरतेजवळ बमरोलीला दिलेली. नवरा-बायको दोघंही तिथे मिलमध्ये कामाला. "आकडा इचारा का समजी लेवानं, चोर शे. आकडा नही इचारा ते मानूस खरा."

"ते बराबर शे जिजी. पन नावगाव बी सांगू नको."

"नावमा काय जास वं?"

असं म्हणाली खरी. पण नावाचीच तर तिची सगळी गंमत होती. तिच्या नवऱ्याचं नाव गणपत, आणि लग्न झाल्यापासून ते तिच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी दार अडवलं, तेव्हा 'सासूबाईंचा लेक' म्हणून तिने वेळ मारून नेली. सासऱ्याचंही नाव घ्यायचं नाही आणि नवऱ्याचंही, आणि त्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा नाही. त्यामुळे गणपती बसले की गावभर बाप्पाचा गजर व्हायचा आणि मालतीबाई मात्र म्हणायची, "लाडूवाला देव बठना का?" नवरा यावरून तिची फार थट्टा करायचा. तिलाही ती आवडायची, नाही असं नाही.

मोटर चालू करायला गेला आणि करंट लागून तो गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली. मरणाच्या दाखल्यावर नाव सांगायला दत्तू गेला होता आणि सहायच्या फॉर्मवरही त्यानेच सांगितलं. माणूस गेला म्हणून काय त्याचं नाव आपण उष्टं करायचं, असं मालतीबाईला वाटायचं. गुडघ्याला दवा घेताना, एकटीपुरती भाकर थापताना ती अजून त्याच्याशी बोलायची, पण तेव्हाही "ऐका ना," एवढंच.

सरकारकडून महिन्याला बँकेत येणारी ती सहाय म्हणजे तिची चूल होती. हर्षदा दर रविवारी म्हणायची, माय, इकडे ये, तू काय आम्हाला जड आहेस? पण जावयाच्या दारात, एका खोलीत, त्यांच्या अंथरुणापलीकडे पडदा लावून झोपायचं मालतीबाईला मरणाहून वाईट वाटे. सहाय येते तोवर आपण आपल्या खोलीत, आपल्या चुलीपुढे.

दुपारी भाकरी सोडली तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी पोरगी होती, गुजराती बोलणारी, आवाज कोरडा आणि घाईचा. "मालतीबेन बोलो छो? विधवा सहायनी तपास माटे फोन छे."

मालतीबाई सावध झाली. "आकडा सांगू का?" तिने मुद्दाम विचारून पाहिलं.

"ना ना बेन, कोई नंबर आपवानो नथी. कोईने आपता पण नहीं. फक्त नाम पूछवाना छे. आजे नहीं थाय तो सहाय अटकी जशे."

मालतीबाईने फोनवर तळहात ठेवला. "आकडा नको म्हनस. खरी दिखस."

"मंग सांगी दे झटकन," सुषमा म्हणाली.

पोरीने तिचं नाव विचारलं, गाव विचारलं, कोणाच्या वाडीत राहता ते विचारलं. मालतीबाईने सगळं चोख सांगितलं. मग ती म्हणाली, "पतिनुं नाम?"

मालतीबाईचा घास तोंडातच राहिला.

"बेन? पतिनुं नाम बोलो."

"सुषमा, तू सांग वं," मालतीबाईने फोन पुढे केला.

सुषमाने तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "बाजूवाळा कोई नहीं बोले! तमे पोते बोलो, रेकॉर्ड थाय छे."

आता आली का पंचाईत? नाव मालतीबाईनेच, स्वतःच्या तोंडाने घ्यायचं होतं. एकीकडे चूल, दुसरीकडे तीस वर्षं सांभाळलेलं नाव. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जमेल तितक्या गोड गुजरातीत म्हणाली, "बेन, पेलो देव नथी? लाडूवाला? ए ज."

"लाडूवाला?"

"हा, हा. लाडूवाला. बस, ए ज नाव."

पलीकडे बटणं वाजली. सुरतेत जरीवाला असतात, बाटलीवाला असतात, पोरीला त्यात काय वावगं वाटणार? "ओके बेन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"पाय," मालतीबाई सुषमाला म्हणाली, "चोरले आकडा दिधा नही आनि खरीले नाव बी सांगं नही. तरी काम व्हयी गयं." त्या दिवशी तिने उरलेलं बेणं अंधार पडायच्या आत संपवलं, इतकी ती खूश होती.

पुढच्या महिन्यात सहाय आली नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात आली नाही. बँकेने कचेरीकडे बोट दाखवलं. मालतीबाई गुडघ्याला फडकं बांधून दोन बस बदलून कचेरीत गेली आणि खिडकीपुढच्या रांगेत दुपारपर्यंत उभी राहिली.

खिडकीतल्या साहेबाने तिचा कागद बघितला, कम्प्युटर बघितला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "बेन, तमे तो फरीथी लग्न कर्यां छे. सहाय बंद."

मालतीबाईला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल. "कोणी दुसरं लगन केलं?"

"तमे." त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "मरेला पति, गणपतभाई हिलालभाई सोनवणे. अने फोन पर तमे पोते लखाव्युं, पति लाडूवाला. आ लाडूवाला कोण छे?"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मालतीबाईने खिडकीचा गज धरला. "अहो साहेब, तो देव आहे! माणूस नाही! आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मी..."

"तो साचुं नाम बोलो ने."

सगळी रांग तिच्याकडे बघत होती. पुढे एक दाढीवाला, मागे पोर कडेवर घेतलेली बाई. मालतीबाईने डोळे मिटले आणि म्हणाली, "गणपत." पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "गणपत. गणपत हिलाल सोनवणे. तोच माझा नवरा. दुसरा कोणी नाही." नवरा गेला त्या दिवशीही ती बायकांत एवढी रडली नव्हती. आज आपण त्याला आपल्या हाताने बाहेर काढून टाकलं, असं तिला वाटलं. सासऱ्याचं नावही त्यात गेलं, त्याचं तिला भानही राहिलं नाही.

साहेब वाईट नव्हता. त्याने पाण्याची बाटली पुढे सरकवली. पण कम्प्युटरपुढे त्याचं काही चालत नव्हतं. "गणपतभाई तो गुजरी गया, ए तो मारी पासे लखेलुं ज छे," तो हळू आवाजात म्हणाला. "हवे लाडूवालानो मरणनो दाखलो लावो. कां तो छूटाछेडानो कागळ, फारगतीनो. ए वगर चालू नहीं थाय."

दुसऱ्या दिवशी हर्षदाचा फोन आला. मालतीबाईने तो वाजू दिला. ती शेठच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली आणि उभ्या तोडीत घे म्हणाली. शेठने गुडघ्याकडे बघितलं, पण तोडीला माणसं कमी होती.

उसाची पानं सकाळच्या दवाने चिंब होती आणि हाताला कापत होती. सुषमा शेजारच्या सरीत होती. कचेरीत काय झालं ते तिने दोनदा विचारलं, मालतीबाई ऊस तोडत राहिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने कोयता उसाच्या बुडाला घातला, ऊस आडवा केला आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"काय व्हई? माले आखो एक नवरा भेटना," ती म्हणाली. "आते त्यो बी मरेल शे म्हनीसन कागद दखाडा का मंग मी रांडमुंड. तवलोंग नही."

आणि तिने पुढचा ऊस धरला.