वाफ थांबली की काढ

मी वॉफलचा साचा बोलतोय. विजेवरचा, दिवा लावून 'झालं बरं का' सांगणारा नव्हे. मी बिडाचा आहे. लांब दांड्यांचा, आगीवर धरून उलटापालटा करायचा. माझ्या पोटात बदामाच्या आकाराच्या पाच पाकळ्या आहेत. वय शंभरीच्या पुढे, आणि वजन असं की मला उचलताना माणसं अजूनही 'आई गं' म्हणतात.

जन्म नॉर्वेचा. तिथून बेस्तेमोर मला लोकरीच्या स्वेटरात गुंडाळून बोटीने ऑस्ट्रेलियात घेऊन आली. बेस्तेमोर म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. गिप्सलँडच्या टेकड्यांत तिच्या नवऱ्याने आधी झाडं तोडली, मग गाई पाळल्या. आठवडाभर चिखल आणि शेण. रविवारी दुपारी मात्र ती मला चुलीवर चढवायची आणि घरभर वेलचीचा वास सुटायचा. हो, वेलचीच! नॉर्वेची माणसं गोडात वेलची घालतात.

तिचा नातू ओडवर चुलीशी बसून गणितं सोडवायचा आणि दर मिनिटाला विचारायचा, "झालं का?" भिंतीवर घड्याळ होतं, पण बेस्तेमोरने त्याला कधी विचारलं नाही. ती म्हणायची, "कान दे. वाफ बोलायची थांबली की काढ."

एका पावसाळी हिवाळ्यात पुराने नाल्यावरचा लाकडी पूल नेला. दुधाचे कॅन पलीकडे जाईनात. आठ दिवस दूध मातीत ओतलं, आणि बेस्तेमोर पाठ फिरवून उभी राहिली. ओडवरला पुलांचं वेड लागलं ते तेव्हापासून. पुढे तो मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत पूल बांधायला शिकवणारा प्रोफेसर रोस्ताद झाला. बेस्तेमोर गेल्यावर मी त्याच्याकडे आलो.

दर शुक्रवारी डिपार्टमेंटच्या टी-रूममध्ये गॅसच्या शेगडीवर माझी ड्यूटी असायची. कुणी फोनवर टायमर लावला की प्रोफेसर भडकायचे. "आत पाणी आहे तोवर वाफ येणार. पाणी संपलं, आवाज संपला. वस्तू स्वतः सांगतेय, ऐका की! पूलही असाच बोलतो." मार्क देण्यात मात्र महाकंजूष. दहापैकी आठ मिळाले तर पोरं पार्टी करायची.

त्या पोरांत पुण्याची मंजिरी होती. पहिल्या शुक्रवारी ती दाराशीच थबकली. वास घेतला आणि रडायलाच लागली.

"सर, ही वेलची... आमच्याकडे श्रीखंडात..."

"सर नाही, ओडवर," प्रोफेसर म्हणाले आणि पहिलं वॉफल तिच्या पुढ्यात ठेवलं. ती मात्र शेवटपर्यंत 'सर'च म्हणत राहिली. नावाने हाक मारायला तिची जीभ रेटेना.

बायको वारल्यावर प्रोफेसर मेलबर्नमधल्याच ग्लेन वेव्हर्लीजवळच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेले. तिथे खोलीत शेगडी चालत नाही. तोवर मंजिरीही नोकरी, नवरा, लेक असा संसार थाटून जवळच राहत होती. एकदा तिच्याकडे आले, तेव्हा ओट्यावरचा काळाभोर तवा त्यांनी हातात घेऊन पाहिला. "घावनाचा आहे, आईचा. साबण नाही लावत," ती म्हणाली. बस, माझं घर ठरलं. मलाही बिरादरीचं कुणीतरी मिळालं. एकदा तिने माझ्यावर घावन घालून पाहिलं. ते पाचही पाकळ्यांना असं चिकटलं की विचारू नका!

मग ते वर्ष आलं. रस्ते ओस पडले. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी. ऑगस्टमध्ये प्रोफेसरांना कोविड झाला. ऐंशी ओलांडलेला माणूस हॉस्पिटलातून जिवंत परतला, पण वास आणि चव तिथेच ठेवून आला. जेवणच सोडलं.

"काहीच खात नाहीत गं," वृद्धाश्रमातली नर्स लीना फोनवर म्हणाली. "दोन चमचे कस्टर्ड, की तोंड फिरवतात. असंच चाललं तर फार दिवस नाहीत."

मंजिरीने त्याच दुपारी मला तापवलं आणि डबा गेटवर ठेवून आली. आत जायला परवानगी नव्हतीच. डबा जसाच्या तसा परत आला. प्रोफेसर म्हणाले होते, "पुठ्ठा आणि हे, मला सारखंच." ती सिंकपाशी उभी राहून रडली. मला तर स्वतःचीच लाज वाटली.

सात वर्षांची रुचा म्हणाली, "बट आई, ही कॅन स्टिल हिअर, राइट?"

रविवारी लीनाने त्यांच्या उशाशी टॅब्लेट धरला. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मंजिरीने पीठ ओतलं, मला मिटलं आणि फोन माझ्याजवळ आणला. मी आयुष्यात बोललो नव्हतो इतक्या जोरात बोललो. चर्र्र... मग फुसफुस... मग बारीक कुजबुज.

"काढू, सर?" तिने मुद्दामच घाईने विचारलं.

"नाही!" पलीकडून खरखरीत आवाज आला. प्रोफेसर वळले होते. "अजून बोलतोय तो. थांब... थांब... आता!"

तिने उघडलं. सोनेरी, कडा कुरकुरीत. डबा लगेच गेटवर गेला, आणि त्या दिवशी त्यांनी पाचातली एक पाकळी खाल्ली. चवीसाठी नाही, आपण वेळ बरोबर सांगितली का हे दाताखाली तपासायला! इंजिनिअर तो इंजिनिअरच.

मग दर रविवारी हेच. एक पाकळी, मग दोन, मग अख्खं वॉफल. ऑक्टोबरमध्ये एकदा रिकामा डबा परत आला. त्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. "वेलची कमी. बाकी बांधकाम मजबूत. ८/१०."

मंजिरीने ती दोनदा वाचली. मग ओरडली, "रुचा! अगं, सरांना वास येतोय!" आणि मायलेकी किचनमध्ये नाचल्या. मला नाचता येत नाही, नाहीतर मीही सोडलं नसतं.

बंदी उठली, तशी डिसेंबरात ते स्वतः येऊन या टेबलाशी बसले. वेलची दुप्पट होती. खाल्लं, डोळे मिटले, म्हणाले, "नऊ."

"आता तरी दहा द्या की, सर!"

"दहा बेस्तेमोरचे. ते मी कुणाला देऊ शकत नाही."

पुढच्या वर्षी थंडी सुरू होता होता ते गेले, झोपेतच. आता मी तव्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. चिठ्ठी फ्रिजवर आहे. मागणं एवढंच, की मला साबण लावू नका आणि मी बोलत असताना मध्येच उघडू नका.

काल रुचाने पहिल्यांदा एकटीने मला आगीवर धरलं. मंजिरी काळजीपोटी घड्याळाकडे बघायला लागली, तशी पोर म्हणाली, "शूऽऽ, आई. ही इज स्टिल टॉकिंग."

दहापैकी दहा. हे मी देतो.