चार मिनिटांचं सूप

यादवने घड्याळाची कळ दाबली आणि शेडमधल्या अठ्ठावीस सुपांत तूरडाळ एकदम नाचायला लागली.

"साहेब, घड्याळ विलायतनं शे का?" पहिल्या ओळीतल्या द्रौपदाबाईने मान वर न करता विचारलं.

"हो."

"मंग सांभाळा. आमना हात पाहीसन ते बी पळाले लागी."

बाया हसल्या, पण हसताना एकीचाही हात थांबला नाही. यादवही हसला आणि त्याने वहीत आकडा लिहिला. तिसऱ्या सुपाकडे त्याने मुद्दाम जास्त वेळ पाहिलं नाही. ते सूप त्याच्या आईचं होतं.

शेवंताबाई बिऱ्हाडे एकवीस वर्षं जळगावच्या त्या डाळमिलमध्ये डाळ निवडत होती. खडे, काळे दाणे, सालाची डाळ वेचून बाजूला काढायची आणि सूप पोत्यात रिकामं करायचं, की पुन्हा दुसरं भरायचं. नवरा हमाली करता करता छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा यादव सातवीत होता. तो हुशार निघाला. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला, लीड्सच्या विद्यापीठात व्यवस्थापन शिकला आणि अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात परत आला. मुंबईच्या दोन कंपन्यांनी त्याला भेटायला बोलावलं. त्याचं आडनाव, गाव आणि वडिलांचा धंदा विचारून घेतला आणि कळवतो म्हणाल्या. कळवलं कुणीच नाही. मग त्याने स्टँडजवळच्या सायकल दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि दारावर 'व्यवस्थापन सल्लागार' अशी पाटी लावली. तीन महिन्यांत जी माणसं जिना चढून आली, त्यांतल्या एकाला कर्जाचा अर्ज भरून हवा होता, दुसऱ्याला मुलाला दुबईला पाठवायचं होतं आणि तिसरा पाटीवरचा शब्द नेमका कसला आहे ते विचारून, पाणी पिऊन खाली उतरला.

शेवटी आईनेच मालकाकडे, मोतीलालशेठकडे, शब्द टाकला. शेठ माणूस वाईट नव्हता. त्याला बरेच दिवस एक शंका होती, की माल वाढतो, कमी होतो, पण निवडायला बाया तेवढ्याच कशा लागतात? "आमच्या शेवंताबाईचा मुलगा आहे, विलायतेहून शिकून आलाय," असं तो येईल त्याला कौतुकाने सांगायचा. यादवला हे पहिलं काम मिळालं ते असं.

परत आल्यापासून आई त्याला 'यादव' म्हणत नव्हती, 'भाऊ' म्हणायची. मिलमध्ये तर ओळखच दाखवायची नाही, असं तिने आदल्या रात्री बजावलं होतं. तिथे तो साहेब होता.

त्याने तीन दिवस वेळ मोजली. एका सुपाला सरासरी साडेचार मिनिटं लागत होती. लीड्सच्या पुस्तकात एक गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली होती. कुणी वेळ मोजतंय हे कळलं की कामगार हात आखडता घेतो, म्हणून हाती आलेला वेळ थोडा कमी धरावा. यादवने पुस्तकाप्रमाणे साडेचारचे चार केले. त्या हिशेबाने शेठच्या खातेवहीतल्या रोजच्या मालाला सोळाच बाया पुरत होत्या. बारा जास्त होत्या. कुणाला कमी करावं, याचाही नियम असावा म्हणून त्याने लिहिलं, वयाने मोठ्या असलेल्यांना आधी. हे लिहिताना आईचं वय त्याच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं, पण आता आपण कमावतोय, तिने किती दिवस सूप पाखडायचं, असं त्याने मनाला समजावलं आणि पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपाशी बसून कोमट तेलाने मनगटं चोळत होती. त्याने काय झालं म्हणून विचारलं.

"थंडी शे," ती म्हणाली.

तोही अहवाल टाइप करायच्या घाईत होता.

अहवाल शेठला फार आवडला. तो त्याने दोनदा वाचला, जाड पुठ्ठ्यात बांधून घेतला आणि पुढच्या सोमवारपासून बारा बायांना येऊ नका म्हणून सांगितलं. शेवंताबाईला मात्र त्याने वेगळं बोलावलं. तुमच्या मुलाने एवढं काम केलं, तुम्हाला कसं घालवू? तुम्ही राहा, तुमच्या जागी दुसरी एक जाईल, असं तो म्हणाला. ती नको म्हणाली आणि बाकी अकराजणींबरोबर आपलं सूप काखेत धरून फाटकाबाहेर आली.

घरी यादव तिच्यावर चिडलाच. शेठ स्वतः म्हणत होते तर राहायचं होतंस, माझ्यामुळे तुझं काम गेलं असं लोक म्हणतील, असं बरंच काही तो बोलला. ती लुगड्याच्या पदराने सूप पुसत ऐकत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तू येवाना पहिले मीच बठ्ठ्या बायासले सांगेल व्हतं. मना पोऱ्यानं पहिलं काम शे, हात जरा भराभर चालाडा. त्यासनी तीन दिन चालाडा. आते मी एकलीच कशी बसू?"



सोमवारी सकाळीच यादव मिलमध्ये गेला. अहवालात चूक झाली आहे, बाया रोज असं काम करत नाहीत, ते तीन दिवस वेगळे होते, मला पुन्हा मोजू द्या, असं त्याने शेठला सांगितलं. शेठने सगळं शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि त्याला शेडच्या दारापर्यंत घेऊन गेला.

आत सोळा बाया बसल्या होत्या. सुपांचा आवाज एकसारखा येत होता. कुणी बोलत नव्हतं. द्रौपदाबाईने दोन्ही मनगटांना चिंध्या बांधल्या होत्या. तिने यादवला पाहिलं, नव्हे, त्याच्या हातातल्या वहीला पाहिलं, आणि सूप आणखी जोरात हलवायला लागली.

"बघा, होतंय की नाही?" शेठ म्हणाला. "बिऱ्हाडेसाहेब, मग चूक कुठंय?"

यादवने हातातली वही मिटून पाठीमागे धरली. शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपले व्याही धुळ्याला असतात, त्यांचीही डाळमिल आहे, चाळीस बाया आहेत, त्यांना अहवाल फार पसंत पडलाय, असं सांगितलं.

आठ दिवसांनी धुळ्याचं पत्र आलं. त्याने ते चार दिवस खिशात ठेवलं आणि पाचव्या दिवशी येतो म्हणून कळवलं. दुसरं कुणी बोलावतच नव्हतं. खोलीचं भाडं चालू होतं आणि आईचं काम तर आता गेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, शेवंताबाई ओट्यावर घरची डाळ निवडत होती. यादव समोर बसला होता. तिने सूप भरलं आणि का कुणास ठाऊक, त्याने खिशातलं घड्याळ काढून कळ दाबली. तिने सूप मांडीवर टेकवलं, बोटांनी डाळ पसरली, एक खडा काढला, तो उजेडात धरून पाहिला. रस्त्याने जाणाऱ्या शेजारणीला तिने काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि पुन्हा डाळीत बोटं घातली. चार मिनिटं झाली तेव्हा अर्धं सूप व्हायचं होतं. पूर्ण झालं तेव्हा आठ मिनिटं होत आली होती.

"धुयाले कवय जास?" तिने विचारलं.

"सकाळच्या एसटीनं."

तिने निवडलेली डाळ डब्यात ओतली.

"तठे तुले कोनी वळखत नही ना?"

"नाही."

"मंग बरं शे, तठे कोनी हात भराभर चालाडनार नही," ती म्हणाली आणि तिने दुसरं सूप पुढे ओढलं.

यादवच्या तळहातावर घड्याळ चालूच होतं. त्याने कळ दाबली नाही.