मडमेची वेस

"आता मला सारं समजलं," असं रेडिओतला गुप्तहेर म्हणाला, आणि आठच्या ठोक्याला कुंडलिक मास्तरांनी खटका फिरवला.

पंचायतीच्या ओट्यावर बसलेली माणसं एकदम उठली. मग एकच गलका उसळला.

"अवो मास्तर, काय समजलं त्याला?"

"मडमेला जिन्यातच सोडली का काय तुमी?"

"आठ वाजले," मास्तर पुटपुटले. त्यांनी पेटीच्या झाकणाकडे बोट केलं. तालुक्याहून आलेला कागद तिथे चिकटवलेला होता: आठनंतर यंत्र चालवू नये, बॅटरी जपावी. मास्तरांना वाद घालता येत नसे. नियम तेवढा दाखवता येई.

दर गुरुवारची ही श्रुतिका एरवी अर्ध्या तासात आटपे. खून होई, माणसं घाबरत, गुप्तहेर खाकरून उलगडा करी आणि गाव निर्धास्तपणे जेवायला जाई. पण आजचा दिवाळीचा खास प्रयोग सव्वा तासाचा होता, हे मास्तरांच्या लक्षात फार उशिरा आलं. गोष्ट होती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. ही राणी कोण ते कुणाला समजवावं लागलं नाही. तिच्या छापाचे रुपये गावातल्या काही बायकांच्या गळ्यात होते. त्या काळातलं लंडन, धुकं, गॅसचे दिवे, आणि मेलेली एक मडम. रोज तिन्हीसांजेला ती टाचा वाजवत जिना उतरे, फाटकापाशी येई आणि म्हणे, "मी ही वेस ओलांडणार नाही!" तो आवाज असा काही होता की ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडात धरले होते.

उलगडा न होता मडम त्या रात्री गावातच राहिली. तिला जागाही आयती होती. ओढ्यापलीकडे, शाळेच्या वाटेवर एक थडगं होतं. कसाऱ्याच्या घाटात रेल्वे आणणाऱ्या कुणा साहेबाची बायको तिथे पुरलेली आहे असं म्हणत. मास्तरांची खोली शाळेलाच लागून होती. भुतं नसतात, असं त्यांनी चौथीच्या वर्गाला शिकवलं होतं. पण थडगं जवळ आलं तेव्हा तो धडा वर्गाला पाठ होता, मास्तरांना नाही. पाठीमागे टक् टक् वाजल्यासारखं झालं. त्यांनी वळून पाहिलं नाही. धोतराचा सोगा हातात घेऊन ते पळाले.

शनिवारी दुपारी शाळेच्या दारात गिरजा उभी राहिली. लखमाची आई. धापा टाकत होती.

"मास्तर, चला. आमच्या सुनंला, हौशीला, मडम लागली."

"मी? मी काय करणार? नवसू भगताला बोलवा."

"तो आलाय. धुरी दिली, जात नाय. डाग द्यायला इळा तापवलाय त्यानं. बोलतो, आधी मास्तरांना पुसा, रेडूतल्या साहेबानं तिला कशी घालवली. तुमाला शेवट ठावं आसंल."

मास्तरांना शेवट ठाऊक नव्हता. हे सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण इळा हा शब्द कानात राहिला, आणि ते गिरजेच्या मागे चालू लागले.

लखमाच्या खोपटापुढे माणसांचं कोंडाळं होतं. मिरच्यांच्या धुरानं सगळ्यांचे डोळे वाहत होते. मधे हौशी, केस मोकळे सोडून, घुमत बसली होती. नवसू भगतानं तिच्या गळ्यातला राणीछाप तोडून पाटावर ठेवला होता. मडमेला आत यायची वाट त्या रुपयातूनच सापडली, असं त्याचं म्हणणं. चुलीत विळ्याचं पातं लाल होत आलं होतं. बाजूला लखमा उभा होता आणि त्याच्याजवळ बिडी ओढत कमळू मुकादम. सोमवारी कमळूची लॉरी माणसं भरून घाटावर कोळशाच्या भट्ट्यांकडे निघायची होती.

"मास्तर आलं! वाट द्या."

मास्तर मागेच रेंगाळले. पण ते पातं बघवत नव्हतं. त्यांना एवढंच सुचलं, की भूतच नाही म्हटलं तर विळ्याचं काम उरणार नाही.

"शेवट असा," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. "गुप्तहेरानं शोधून काढलं की भूत नव्हतंच. ती बाई जिवंत होती. मेल्याचं नुसतं सोंग..."

"मी ही वेस ओलांडणार नाही!" हौशी ओरडली.

"आयकलं?" गिरजा कळवळून म्हणाली. "आमची हौशी आशी बोलंल का? कशी शुद्ध बोलते बघा! मडमच ती!"

मास्तरांच्या पाठीतून शिरशिरी गेली. मग ती तिथेच थबकली. ओलांडणार. गावात कुणाच्या जिभेला न वळणारा तो 'ण' हौशीनं कसा ठसठशीत उच्चारला होता. साहेबाच्या बायकोला तर तो सात जन्मांत जमला नसता. जमला होता तो एकीलाच, मुंबईच्या रेडिओ केंद्रावर बसून मडमेचं काम करणाऱ्या बाईला.

त्यांनी हौशीकडे पाहिलं. केसांच्या आडून तिचे डोळे त्यांच्यावरच रोखलेले होते. त्यांत मडम नव्हती. भय होतं, आणि ते विळ्याचं नव्हतं, मास्तरांचं होतं.

"म्हंजी सोंग?" लखमा पुढे सरकला. "मास्तर, सोंग हाय ना? मंग सोमवारी केसांना धरून लॉरीत घालतो हिला."

"जोडीचा हिशोब हाय आपला," कमळू म्हणाला. "एकट्या गड्याची भट्टी नाय चालत."

गेल्या साली भट्टीवर निघताना हौशीच्या कडेवर तान्ही होती. उन्हाळ्याअखेर परतली ती रिकाम्या हातांनी. शाळेच्या ओसरीत ती घोटभर पाण्याला टेकली होती, आणि मास्तरांनी काही विचारलं नव्हतं. विचारायला त्यांना कधीच जमत नसे.

"थांबा," मास्तर म्हणाले. "शेवट पुरा नाही झाला."

सगळे वळले. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत याची मास्तरांना सवय नव्हती. त्यांनी खोपटाचा मेढा धरला.

"सोंग आहे असं गुप्तहेराला वाटलं. तिथेच तो चुकला. घरच्यांनी तिला डाग दिला आणि ओढून फाटकाबाहेर काढली. त्याच रात्री डाग देणाऱ्याचं घर पेटलं. ओढणाऱ्याचा हात कोपरापासून लुळा पडला."

नवसूनं चुलीकडे पाहिलं. मग फडक्यानं धरून विळा हळूच बाहेर काढला.

"मंग गेली कशी ती?"

"आपणहून. तिच्या वेशीच्या आत तिला राहू दिलं, तर मिरगाच्या पावसाला जाते. तोवर हात लावायचा नाही. आणि..." मास्तरांनी नवसूकडे पाहिलं, "जाणत्या भगतानं दर अवसेला नारळ ठेवायचा. तो दुसऱ्या कुणाकडून चालत नाही."

"ते मी बोलनारच व्हतो," नवसू म्हणाला.

हौशीचं घुमणं मंदावलं. तिनं कपाळ जमिनीला टेकलं. तिचे खांदे बराच वेळ हलत होते.

सोमवारी लॉरी गेली. लखमाबरोबर त्याचा चुलतभाऊ गेला. जाताना लखमानं मास्तरांकडे असं पाहिलं, की पुढचे कित्येक दिवस मास्तर शाळेचं दार आतून लावून पाठ शिकवत होते.

तीन आठवड्यांनी रेडिओवर निवेदन झालं: श्रोत्यांच्या आग्रहास्तव दिवाळीचा खास प्रयोग रविवारी दुपारी तीन वाजता पुन्हा सादर होईल.

रविवारी ओटा भरला. शेजारच्या किन्हवलीहूनही माणसं आली. नवसू पुढ्यात बसला होता. आपला नारळ ऐकायला आला होता. बायकांत शेवटी, खांबाला टेकून हौशी बसली होती. गळ्यात राणीछाप परत ओवलेला होता.

मास्तरांनी पेटी उघडली. खटका फिरवला. पुन्हा फिरवला. कान लावून ऐकलं.

"बॅटरी उतरली," ते म्हणाले.

"आज? परवा तर कीर्तन आयकलं!"

"परवा होती."

"बगू द्या तरी मास्तर," नवसू उठला.

मास्तरांनी झाकणावरच्या कागदाकडे बोट केलं. "परक्या माणसानं यंत्राला हात लावू नये." तसं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण ओट्यावरच्या मोठ्या माणसांत वाचता येणारे ते एकटेच होते, आणि शाळेची पोरं मास्तरांना खोटं पाडणार नव्हती. त्यांनी घाईनं झाकण लावलं.

शिव्या घालत, हसत माणसं पांगली.

उन्हं कलताना मास्तर शाळेकडे निघाले. थडग्याजवळ येताच पाठीमागे पाचोळा वाजला. मास्तर जागीच गोठले.

"मी हाय, मास्तर."

डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन हौशी उभी होती. मास्तरांचा हात कोटाच्या खिशात गेला. बॅटरीची तार तिथे होती. तिनं तो हात पाहिला आणि नजर खाली वळवली.

"रेडूतली मडम," ती म्हणाली, "खरी मेली व्हती का वो?"

"मला नाही माहीत."

"खरंच नाय?"

"खरंच."

हौशीनं थडग्याकडे पाहिलं. "बरं हाय," ती म्हणाली. "मंग ऱ्हाऊं द्या तिला." आणि मोळी सावरत वळणाआड गेली.

मास्तर एकटे उरले. आता त्यांना सारं समजलं होतं. तरीही त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला, आणि मागे न बघता झपाझप चालू लागले.