गुणाकार न येणारं यंत्र

मी एक जुनं बेरीज तपासणारं यंत्र आहे, मित्रांनो. नोवोसिबिर्स्कजवळच्या एका गणित संस्थेत जिन्याखाली पडून आहे. हल्ली माझ्यावर ओले बूट वाळत घालतात. घाला बापड्यांनो!

मला आल्फिया रिनातोव्नाने घडवलं. कागदी पट्टीवर एकाखाली एक तीन संख्या टोचायच्या, दोन बेरजेच्या नि तिसरी त्यांचं उत्तर, आणि एककाच्या बाजूने मला भरवायच्या. ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की हातचा आहे की नाही. तेवढ्यावर संख्या कितीही लांब असो, बेरीज बरोबर असली की माझा हिरवा दिवा लागे. बघायला आलेली मुलं टाळ्या पिटत. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग संचालक सावेली गेर्मानोविच यांना हौस आली, की वर्धापनदिनी मी गुणाकारही तपासावा. आल्फियाने चहाच्या वेळी सर्वांदेखत सांगितलं, की हे व्हायचं नाही. बेरजेला आठवणीचे दोन खण पुरतात, एक 'हातचा आहे'चा, एक 'नाही'चा; गुणाकारात संख्या लांबेल तसं लक्षात ठेवायचं वाढतच जातं. तिचा प्रबंध याच्यावरच होता.

"खण वाढवा की, बाई," संचालक म्हणाले.

"किती वाढवू? तुम्ही म्हणाल तितके वाढवते, पण त्यांना न झेपणारी संख्या निघणारच."

"जमत नाही म्हटल्यावर पदवी मिळत असती, तर आमच्या सासूबाई कधीच डॉक्टर झाल्या असत्या!" सगळे खो खो हसले.

संचालकांनी दुसऱ्याकडून माझ्यात आणखी खण ठोकून घेतले. लहान संख्यांना मी तरलो. वर्धापनदिनी एका पाहुण्याने लांबलचक पट्टी घातली आणि चुकीच्या गुणाकाराला माझा हिरवा दिवा लागला. खापर फुटलं आल्फियाच्या माथी.

तिचा प्रबंध मंजूर करायच्या सभेत आल्फिया म्हणाली, "यंत्र चुकलं, कारण ते चुकणारच होतं. मी हेच लिहिलंय." गुप्त मतदानात तिला पाडलं.

सभेनंतर उमेदवाराने सर्वांना जेवू घालायचं, अशी इथली रीत. कझानहून आलेल्या तिच्या आईने मांस-बटाट्याच्या तिकोनी कचोऱ्या केल्या होत्या. पाडणाऱ्यांनीच त्या चाटूनपुसून संपवल्या. "हात सुगरणीचा आहे हं!" संचालक म्हणाले. आल्फिया वाढत होती.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण 'हे होणार नाही' असं सिद्ध करून सांगणारं माणूस भेटलं, तर त्याचं नीट ऐका. तेही जमणार नसेल, तर निदान त्याच्या घरचं जेवू नका.